खानवलकर नियम

माझा स्वभाव तापट आहे, याबद्दल सासर-माहेरचं एकमत आहे. माझा धाकटा भाऊ मधू थंड डोक्याचा. म्हणून तो मोठा डॉक्टर झाला आणि मी नुसती कमलताई राहिले. डॉ. मधुसूदन खानवलकर. हृदयरोगावर त्याचे नव्वदच्या वर निबंध छापून आलेत. अमेरिकेत म्हणे एक जाडजूड सूची निघते, कोणी कोणाच्या लिखाणाचा आधार घेतला त्याची. तिच्यात त्याच्या नावाखाली पानभर नोंदी असतात, आणि त्यातल्या बहुतेक एकाच निबंधाच्या.

तो निबंध त्याने इथे झाशीत, रेल्वेचा तरुण डॉक्टर असताना लिहिला. इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन, इंजिन-शेडमधले फिटर, ओझी उचलणारे रेल्वेचे खलाशी अशा चारशेवर लोकांना तपासून त्याने एक नियम काढला. छातीत कसंतरी होतंय म्हणून कोणी आलं की तीन गोष्टी बघायच्या. दुखणं छातीच्या मधोमध आहे का? श्रमाने वाढतं आणि बसलं की थांबतं का? कार्डिओग्रामची पट्टी बिघडली आहे का? तिन्हींना ‘नाही’ आलं तर हृदयाचं काही नाही, पित्ताचं औषध देऊन घरी पाठवा. लहान गावांतल्या दवाखान्यांना हे फार सोयीचं पडलं. ‘खानवलकर नियम’ म्हणून तो शिकवला जाऊ लागला. माझं सासर-माहेर दोन्ही झाशीच्या लक्ष्मी गेट मोहल्ल्यात. तिथे आमची मान ताठ झाली, माझीसुद्धा. उगाच खोटं कशाला बोलू?

त्र्याहत्तर साली, गौरीजेवणाच्या दिवशी, झाशीच्या मराठी मंडळाने त्याचा सत्कार ठेवला होता. मधू आणि त्याची बायको अंबिका लखनौहून आदल्या दिवशी आमच्याकडे उतरले. आमचे हे रेल्वेत गार्ड, ते नेमके गाडी घेऊन बीनाला गेलेले. त्यामुळे पुरणाचा सगळा घाट मी आणि अंबिकाच घालत होतो.

सकाळपासून ती मलूल होती. पुरण वाटताना दोनदा थांबली. लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीची ओटी भरायला गेलो, तर देवळाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, “वन्सं, जबडा दुखतोय. दात नाही, सगळा जबडाच.” परत आल्यावर तिला मळमळायला लागलं. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, कोणीतरी दाबून धरल्यासारखं होतंय म्हणाली. भाद्रपदातला उकाडा होता, घाम सगळ्यांनाच येत होता. पण तिचा घाम गार होता. मी कपाळाला हात लावला आणि माझ्या पाचावर धारण बसली.

“मधू, इकडे ये आधी!”

तो सत्काराला जायला म्हणून नवा कोट घालत होता. आला, नाडी पाहिली, शांतपणे विचारलं, “छातीच्या मधोमध दुखतंय?”

“नाही.”

“जिना चढलीस तेव्हा वाढलं? आता पडल्यावर थांबलं?”

“नाही. तसंच आहे.”

“पित्त आहे, ताई. उपास, जागरण, त्यात चुलीजवळ बसणं. लिंबू-सरबत दे आणि पडू दे.”

“पट्टी काढून बघ ना.”

“पहिल्या दोन गोष्टी नाही आल्या की पट्टी चांगलीच निघते. उगाच घाबरवू नकोस तिला.”

आणि अंबिका काय म्हणाली असेल? डोळे मिटूनच म्हणाली, “बरोबर आहे, वन्सं. नियमात बसत नाही. तुम्ही जा हो, उशीर होईल.” नवऱ्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य, एवढंच नव्हतं ते. त्याचा एकूण एक निबंध तिने स्वतः टाइप केलेला. तो नियम तिला त्याच्याइतकाच पाठ होता, आणि स्वतःच्या अंगापेक्षा त्याच्यावर तिचा भरवसा जास्त होता.

दारात मोटारीचा भोंगा वाजला. मंडळाचे चिटणीस अनंतराव मधूला न्यायला आले होते, खांद्यावर उपरणं आणि हातात त्याच्या निबंधांची लांबलचक यादी. “चलताय ना, डॉक्टरसाहेब? हॉल भरलाय.”

माझ्या डोळ्यांसमोर एकदम कुसुमावती काकू आल्या. आमच्या दोन घरं पलीकडच्या. चैत्रात त्यांनाही असंच मळमळलं होतं, घाम आला होता. इस्पितळातून गॅसची गोळी घेऊन घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या. वय झालं होतं, असं आम्ही सगळे म्हणालो होतो.

मी उठून दाराशी उभी राहिले. “मधू, तुझ्या त्या चारशे माणसांत बायका किती होत्या?”

“काय?”

“बायका रे, बायका! किती तपासल्यास?”

उत्तर खाटेवरून आलं. “एकही नाही, वन्सं. चारशे बारा पुरुष. मीच टाइप केलंय ना.”

इतकं साधं होतं ते. इंजिनात कोळसा टाकायला बाई असते कुठे? पण निबंधाच्या मथळ्यात ‘रुग्ण’ एवढंच छापलेलं, आणि पुढे सगळ्या जगाने तेवढंच वाचलं. मधूने पुन्हा अंबिकेचा हात हातात घेतला. या वेळी नाडी मोजली नाही, नुसता तो गार हात धरून बसला.

“अनंतराव, मोटार इस्पितळाकडे घ्या,” मी म्हटलं.

“अहो, पण लोक खोळंबलेत...”

“खोळंबू देत! आरती करा तोवर.”

तिला धरून मागच्या सीटवर माझ्याजवळ बसवलं, मधू पुढे बसला. अनंतराव बिचारे मोटार चालवायला लागले. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. भोंगे वाजवून काही होणार नव्हतं. मालगाडी आली ती रांगत रांगत. इंजिन अगदी समोरून गेलं, भट्टीच्या उजेडात फावडं चालवणारा फायरमन दिसला. पिळदार दंड, काळाठिक्कर चेहरा. मधू त्याच्याकडे बघत राहिला. ज्यांच्या जिवावर नाव झालं त्यांच्यातलाच तो एक. मागे अंबिकेने खिडकीतून मान बाहेर काढून उलटी केली आणि ती माझ्या मांडीवर कलंडली. मला त्या गाडीचा, फाटकाचा, मधूचा, सगळ्यांचा संताप आला. डबे संपता संपेनात.

“दुखणं वाढलंय?” मधूने विचारलं.

“पाठीतच. छातीच्या मधोमध नाही. म्हणजे तसं नाहीच ना?” ती अजूनही त्याला नियमच सांगत होती.

सदर बाजारापलीकडच्या त्या इस्पितळात ड्यूटीवर श्रीकृष्ण तिवारी नावाचा तरुण डॉक्टर होता. मुलगा कामसू होता, त्याला नावं ठेवायला जागा नाही. त्याने लगेच पट्टी काढली. मी मधूकडे बघत होते. मधूने पट्टी बोटांवरून सरकवत पाहिली, परत पाहिली. ती चांगली होती.

“देखिए माताजी,” तिवारी मला म्हणाला, “पट्टी बिल्कुल ठीक है। दर्द बीच सीने में नहीं, मेहनत से बढ़ता नहीं। पेट का मामला है। दवा लिख देता हूँ, घर ले जाइए।”

“भरती कर लीजिए,” मधू म्हणाला. “थोड़ी देर में फिर पट्टी निकालिए।”

“बेड नहीं है, बाबूजी। और ज़रूरत भी नहीं। ये मेरी राय नहीं है, डॉक्टर खानवलकर का नियम है। सारे देश में चलता है।” त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे तीन प्रश्न सुबक अक्षरांत रंगवले होते, खाली मधूचं नाव.

“मैं ही खानवलकर हूँ।”

तिवारीने त्याच्या कोटाकडे, मग अनंतरावांच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. तो उठून उभा राहिला. पण ऐकेना. “सर, फिर तो आप मुझसे बेहतर जानते हैं। तीनों जवाब ना में हैं। आप ही का लिखा है। इसमें ग़लत क्या है?”

वर्षानुवर्षं ज्या नावासाठी मधू राबला, तेच नाव आता अंबिकेच्या वाटेत आडवं पडलं होतं. बाहेर स्ट्रेचरवर ती कण्हत होती. अनंतराव ऐकत होते, दोन नर्सा ऐकत होत्या. बोल रे, बोल, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

“इसमें एक भी औरत नहीं है,” मधू म्हणाला. “मैंने औरतों को देखा ही नहीं। ये नियम औरतों पर नहीं चलता। लिख लीजिए, मैं कह रहा हूँ, और इनको अंदर लीजिए।”

बेड कुठूनसा निघाला. ऑक्सिजन लावला. दुसरी पट्टी काढली, तीही तशीच. ‘मी सांगत होतो’ अशा नजरेने तिवारीने माझ्याकडे पाहिलं. तिसरी काढत असताना अंबिकेने एकदम मधूची बाही घट्ट धरली. यंत्रातून पट्टी बाहेर येत होती आणि तिच्यावरची रेघ मी पाहिली. मला अडाणीलाही कळलं. आधीच्या दोन पट्ट्यांसारखी ती नव्हती. तिवारी ओरडतच धावला. मला बाहेर काढलं. मग दाराबाहेरच्या बाकावर बसून मी आठवतील त्या सगळ्या देवांशी भांडले.

ती वाचली. घरी नेलं असतं तर नसती वाचली, हे तिवारीनेच मला सांगितलं, मान खाली घालून.

ती शुद्धीवर येऊन हसली, तेव्हा मधूने तिवारीला विचारलं, “इस नियम से जो औरतें घर भेजी गईं, उनका आगे क्या हुआ?”

“घर गईं, सर। लौटकर नहीं आईं, तो ठीक ही हो गई होंगी।”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं घरी निघालो. वाटेत मधू म्हणाला की तो नवा निबंध लिहिणार, जुना चुकला म्हणून छापणार. त्याने नाव जाईल, काही लोक हसतील, हसू देत. मी म्हटलं, लिही. माझा राग निवळला होता. अंबिका जिवंत होती, एवढंच मला पुरे होतं.

लक्ष्मी गेटात वळलो तर हरिभाऊ ओट्यावर बसलेले. कुसुमावती काकूंचे यजमान. मधूला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचे.

“ये बेटा, ये. सूनबाई कशी आहे? अच्छी आहे ना? बस.” त्यांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. “सत्कार राहिला तुझा. राहू दे. पण तुझं नाव किती मोठं, ते मला चैत्रातच कळलं. हिला इस्पितळात नेलं होतं ना, ही फार परेशान होती. मी पण घाबरलो. तर तो डॉक्टर बोलला, बाबूजी, फिक्र मत कीजिए, आप ही के झाँसी के डॉक्टर खानवलकर का नियम है। मी हिला म्हटलं, ऐकलंस, आपला मधू सांगतोय. मग कुठे घरी यायला तांग्यात बसली. तुझ्यावर फार विश्वास तिचा.”

मी मधूकडे पाहिलं नाही. काका आत गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले. मधूने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“काका, तो नियम चुकीचा होता. काकूंना हृदयाचंच होतं. त्यांना घरी आणायला नको होतं.”

हरिभाऊंनी तांब्या त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवला. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

“ती इस्पितळातून निघायला तयारच नव्हती रे,” ते म्हणाले.