चोवीस लूम आणि एक ट्रम्पेट

चांगदेवदादा अकरा वर्षं फोर्टातल्या एका हॉटेलात जॅझचा ट्रम्पेट वाजवत होता. मग हॉटेलने बँड बंद केला आणि तो भिवंडीला, कामतघरच्या चाळीत परत येऊन लग्नाच्या बँडमध्ये लागला. जॅझ म्हणजे काय, हे त्याने आम्हाला एकदाच सांगितलं: सगळ्यांनी मिळून गाणं सुरू करायचं, मग एकेकाने त्यातून निघून मनाला येईल तिकडे हिंडायचं, आणि कुणी शोधायला निघायच्या आत परत यायचं. खारबावला नवरदेव मांडवाकडे निघालेला असताना दादा असाच हिंडायला गेला. घोड्याला ठेका सापडेना. घोडा थांबला, माणसं थांबली, मुहूर्त मात्र थांबला नाही. नवरीच्या मामाने दादाला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, घरी समदं बरं हाय ना?"

तेव्हापासून दादा लग्नात सरळ वाजवायचा आणि घरी बसून हॉटेलला पत्रं लिहायचा. सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत उत्तर आलं. महिन्याने गुरुवारी सकाळी अकराला बँड घेऊन या. आवडलं तर रोज संध्याकाळी तुम्ही. नाहीतर रेकॉर्ड वाजवणारं मोठं मशीन सांगून ठेवलंय.

बँड म्हणजे आम्ही. क्लॅरिनेटवर अनंता, ड्रमवर मी आणि गिटारवर राघो. राघोला गिटार येत नव्हती, पण त्याच्याकडे होती.

चाळीत सरावाच्या पहिल्याच दिवशी दादाची बायको गुणाबाई म्हणाली, "शेजारी इचारतात, कोन गेलं म्हून." मग दादाच्या ओळखीचा रामनाथ जॉबर धावून आला. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडले की ते दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. त्याने चोवीस लूमच्या शेडमधला एक कोपरा दिला. तिथे माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही. कारागीर खुणांनी बोलतात. आमच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही.

महिनाभर रोज दुपारी आम्ही तिथे वाजवलं. ठेका लूमच द्यायचे, मी नुसता मागून जायचो. लूममधले सूत नेणारे धोटे एकदम आपटले की तेवढ्यात वाजवण्यात अर्थ नसायचा, म्हणून तिथे आम्ही जागा सोडायला शिकलो. कोण काय वाजवतंय हे कुणालाच ऐकू येत नसल्यामुळे भांडणं झाली नाहीत. एकदा मी म्हटलं, "दादा, शुक्रवारी लूम बंद असतात, शांततेत वाजवून बघूया."

"शुक्रवारी लग्नं हायत," दादा म्हणाला. नव्हती.

गुरुवारी कापडाच्या टेम्पोत ताक्यांवर बसून आम्ही पोचलो. हॉटेलात गालिचा, जाड पडदे, एसी. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. वाद्यं उचलून आम्ही उभे राहिलो. उभेच राहिलो. आपण लूम सुरू व्हायची वाट बघतोय, हे थोड्या वेळाने लक्षात आलं. शेवटी दादाने पाय आपटला.

वाजवलं. जिथे धोटे आपटायचे तिथे चौघेही एकदम, अगदी शिस्तीत गप्प झालो आणि एकदम परत सुरू झालो. असं नऊ वेळा. मॅनेजर मान तिरपी करून ऐकत होता.

"अच्छा है," तो म्हणाला. "लेकिन आपका एक आदमी नहीं आया क्या?"

राघो खोटं बोलत नाही. "शिफ्टला हाय, साहेब."

"तो अगली बार उसको लेके आओ ना."

"चोवीस हायत."

दादा पुढे झाला. "साहेब, मी एकटा वाजवतो. मला तुम्ही अकरा वर्षं ऐकलंय."

त्याने ट्रम्पेट ओठाला लावला. सूर निघाला, आणि सुरासोबत सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. लग्नांत चालता चालता जोर लावून फुंकलं की ओठ जातो, हवा धरत नाही, हे प्रत्येक बँडवाल्याला ठाऊक असतं. आपला कधी गेला ते कळत नाही. दादाने तोंडाकडचा भाग पुसला, परत वाजवलं. परत तेच.

"कवापासून रं?" त्याने मला हळूच विचारलं.

"एसीचा आवाज हाय तो, दादा."

मॅनेजर भला माणूस. तो उठला आणि त्याने एसी बंद केला.

दादाने वाजवलं. पूर्ण गाणं वाजवलं, मधेच सोडलं नाही. आम्ही गालिच्याची नक्षी बघत होतो.

मॅनेजरने चहा मागवला. मग संकोचून म्हणाला, मशीन सोमवारी येतंय, कोपऱ्यातला पियानो सरकवायचाय, वेटर बारानंतर येतात, तुम्ही चौघे आहातच, तर जरा हात लावता का? आम्ही कप खाली ठेवले आणि हात लावला. मॅनेजरने मापाच्या टेपने मशीनपुरती जागा मोजली.

"दो इंच और."

दादाने आम्हाला बाजूला केलं. पियानोला पाठ लावली, डोळे मिटले आणि एकट्याने ढकललं.

"बघा, साहेब," तो म्हणाला. "आता बसंल."