डाव्या विंगेतून आलेलं वाक्य

कुजबुजे काकांना मिळालेली मुदत नेमकी तीन प्रयोगांची होती. तीन प्रयोगांत एकही वाक्य चुकलं नाही तर डाव्या विंगेतलं स्टूल त्यांचं. एक जरी चुकलं तरी निरोपाचा पुष्पगुच्छ. तो आणूनही ठेवला होता, मेकअपच्या खोलीत, बादलीभर पाण्यात दांडे बुडवून. काका रोज त्याच बादलीशेजारी चपला काढत.

काका प्रॉम्प्टर होते. वय चौऱ्याहत्तर, पैकी एक्केचाळीस वर्षं त्या स्टुलावर. नट अडला की विंगेतून पुढचं वाक्य कुजबुजायचं. कुजबुज अशी, की नटाला पोचावी आणि पहिल्या रांगेला पोचू नये. त्यांचं खरं आडनाव कुणाला आठवत नव्हतं. हजेरीच्या वहीतही ‘कुजबुजे’च लिहिलेलं होतं. स्टूल गेलं तर घरी बसावं लागणार होतं, आणि घरी मुलीनं शब्दकोड्यांची सोळा पुस्तकं आणून ठेवली होती. काकांनी एकही उघडलं नव्हतं. “शब्द सापडला तरी तो सांगायचा कुणाला?” असं ते म्हणत.

ही मुदत दिग्दर्शिकेनं घातली होती. वय एकोणतीस. काकांवर तिचा राग नव्हता, पण तालमीत त्यांनी दोनदा एका नाटकात दुसऱ्याच नाटकाचं वाक्य पुरवलं होतं. तिनं विंगेत एक टॅब्लेट टांगून पाहिला, त्यावर संवाद मोठ्या अक्षरांत सरकत. नायकानं तीन तालमी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि “यंत्रामुळे भाव मरतो” असं जाहीर केलं. नायक सत्तेचाळीस वर्षांचा होता. आपल्याला चष्मा लागला आहे ही गोष्ट त्यानं अजून कुणाला, विशेषतः स्वतःला, कळवली नव्हती.

दिग्दर्शिकेची मावशी मेंदूची डॉक्टर होती. काकांची तपासणी तिनं करावी असं ठरलं.

“एकट्या कुजबुज्याचीच का?” थोरल्या बाईंनी विचारलं. थोरल्या बाई नाटकात नायकाच्या आईचं काम करत. वय एकाहत्तर. “सगळ्यांची करा. बघू तरी कुणाच्या डोक्यात काय भरलंय.”

म्हणून सगळ्यांची झाली. दहा शब्द ऐकायचे आणि दहा मिनिटांनी सांगायचे. नायकाच्या मुलीचं काम करणारी नऊ वर्षांची पोर होती. तिला सगळे ‘टेप’ म्हणत, कारण ऐकलेलं सगळं तिच्यावर उमटत असे. खरी टेप तिनं आयुष्यात पाहिली नव्हती. तिनं दहाही शब्द सांगितले. वर डॉक्टरीणबाई मध्ये शिंकल्या होत्या, तेही सांगितलं. मग दुसरी परीक्षा: लाल दिवा लागला की बटण दाबायचं, निळा लागला की हात आवरायचा. टेपनं दोन्हींना दाबलं. नायकानं सात शब्द सांगितले आणि खिशात फोन सापडत नाही म्हणून त्याच फोनवर बोलत बोलत तो शोधला. थोरल्या बाईंना चार शब्द आठवले, पण शब्दसंपत्तीच्या परीक्षेत त्यांनी डॉक्टरीणबाईंनाच दोन नवे शब्द शिकवले. काकांना तीन आठवले. मग त्यांनी आपण होऊन बत्तीस वर्षांपूर्वीच्या एका नाटकाचा दुसरा अंक म्हणून दाखवला, सगळ्या पात्रांसकट. पुढचा रुग्ण बाहेर ताटकळत राहिला.

“सगळे ठणठणीत आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ज्याचं त्याचं डोकं त्याच्या त्याच्या वयाचं आहे. लहानपणी पाठ पटकन होतं, पण ब्रेक लागत नाहीत. ते पक्के व्हायला पंचविशी उजाडते. वेग तिशीपासून हळूहळू उतरतो. शब्द मात्र साठीपर्यंत वाढतच राहतात.”

“आणि काका?” दिग्दर्शिकेनं विचारलं.

“जुनं पक्कं, नवं टिकत नाही. आणि अजून एक. या वयात चिठ्ठी शाबूत राहते, पण पाकिटावरचा पत्ता पुसला जातो. वाक्य आठवतं. ते कुठलं, ते आठवत नाही.”

“प्रॉम्प्टरला पत्ताच तर लागतो, मावशी!”

“मी डॉक्टर आहे, पोस्टमन नाही,” मावशी म्हणाल्या.

पहिले दोन प्रयोग निभावले. तिसरा रविवारी दुपारी होता.

नाटक एका घराच्या विक्रीचं होतं. दुसऱ्या अंकात नायक आईच्या खुर्चीमागे उभा राहतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, “आई, तुला एक सांगायचंय.” मग थांबतो. मग म्हणतो, “मी हे घर विकलंय.” टेप कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेली असते.

चार वाजून बावीस मिनिटांनी नायक खुर्चीमागे उभा राहिला.

“आई, तुला एक सांगायचंय.”

तो थांबला. ठरल्यापेक्षा जरा जास्त थांबला. त्याची नजर डाव्या विंगेकडे वळली, आणि वाक्य हरवल्याचं विंगेतल्या सगळ्यांना कळलं.

काकांच्या मांडीवर नाटकाची प्रत उघडी होती. पण त्यांना तिची गरज वाटली नाही. खुर्ची, खुर्चीवर हात, बसलेल्या थोरल्या बाई, “आई, तुला एक सांगायचंय”: पुढचं वाक्य आपोआप ओठांवर आलं. शेकडो वेळा आलेलं होतं. फक्त बत्तीस वर्षांपूर्वी.

“मी लग्न केलंय,” काका कुजबुजले.

नायकाला बावीस वर्षांची सवय होती. डाव्या विंगेतून आलं की तोंडातून बाहेर. त्या वाटेत डोकं लागत नसे.

“मी लग्न केलंय,” तो खणखणीत आवाजात म्हणाला.

प्रेक्षागृहात कुणीतरी खोकायचं थांबलं. याच प्रेक्षकांनी पहिल्या अंकात त्याला बायकोशी पडद्यांच्या रंगावरून भांडताना पाहिलं होतं.

आता थोरल्या बाईंनी सावरायला हवं होतं. पण बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या नाटकातही खुर्चीत त्याच बसत. नायकाचं वाक्य कानावर पडलं आणि त्यांची मान आपसूक वळली.

“कुणाशी?”

“स्टेशनमास्तरांच्या मुलीशी,” काकांनी पुरवलं. नायकानं म्हटलं.

“ती? दारातून वाकून येते ती?”

“उंच आहे, पण मनानं साधी आहे.”

विंगेत दिग्दर्शिकेनं प्रतीची पानं पुढे उलटली, मग मागे, मग प्रत उलटी धरली. नायकाच्या बायकोचं काम करणारी नटी चहाचा ट्रे घेऊन तिच्या शेजारी उभी होती. तिची उंची चार फूट अकरा इंच.

“अगं, मग मी कोण?” तिनं विचारलं.

“थांब जरा.”

“आई, ती बाहेर उभी आहे,” रंगमंचावरून नायकाचा आवाज आला.

“मग बोलाव की आत!” थोरल्या बाई कडाडल्या.

नटीनं दिग्दर्शिकेकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं आणि ती आत गेली. जाताना, निदान एवढं तरी जुळावं म्हणून, दारात वाकली.

त्यानंतर अकरा सेकंद कुणालाही काहीही ऐकू आलं नाही. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ हसता हसता खुर्चीतून घसरले. पार्श्वसंगीतवाल्याला कुठला तुकडा वाजवावा कळेना, त्यानं दारावरची घंटा वाजवली. विंगेत काकांना आता कळलं होतं. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता.

हात आवरायचं वय नसलेली एकच व्यक्ती रंगमंचावर होती. टेप रंगाच्या ब्रशसकट उठली.

“बाबा, अहो हिच्याशीच तर झालंय तुमचं! मी आहे की ही एवढी!”

हसण्याची दुसरी लाट आली. टेपनं ती ओसरूही दिली नाही.

“आणि ते घर विकलंय ते सांगा ना! कधीचं राहिलंय!”

“आई,” नायक म्हणाला, बुडत्याच्या हाती दोर लागावा तसा, “मी हे घर विकलंय.”

“घर विकलंस?” थोरल्या बाई त्याच श्वासात आजच्या नाटकात परतल्या. “मला न विचारता?”

सगळा प्रकार दोन मिनिटं पाच सेकंदांचा होता. प्रकाशयोजनेवाल्यानं मोजला होता.

प्रयोग संपल्यावर काकांनी स्टुलावरची उशी, टॉर्च आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. मेकअपच्या खोलीत येऊन ते बादलीसमोर उभे राहिले.

“द्या,” ते दिग्दर्शिकेला म्हणाले. “शब्द म्हणजे शब्द. फक्त पिवळी फुलं काढा, मला शिंका येतात.”

एवढ्यात नाट्यगृहाचे व्यवस्थापक धापा टाकत आले. “तिकीट खिडकीवर लोक विचारतायत, ते लग्नाचं रोज असतं का फक्त रविवारी?”

दिग्दर्शिकेनं बादलीतून पुष्पगुच्छ उचलला, पाणी झटकलं आणि चार फूट अकरा इंचांच्या नटीच्या हातात दिला.

“सर्वांत उंच नवरीला,” ती म्हणाली. मग काकांकडे वळली. “उशी परत ठेवा. पुढच्या रविवारी हेच करायचं. अगदी अस्संच.”

“बाई, चूक मला ठरवून कशी जमेल?”

“जमवा. स्टूल हवंय ना?”

काका आठवडाभर चूक पाठ करत होते. मुलीला वाटलं, शब्दकोडी सोडवतायत.

पुढच्या रविवारी नाट्यगृह भरलं होतं, जिन्यावरही माणसं होती. चार वाजून एकवीस मिनिटांनी नायक खुर्चीमागे आला. “आई, तुला एक सांगायचंय.” तो थांबला, आणि विंगेकडे वळला. थोरल्या बाईंनी मान वळवायला घेतली होती. दारात नटी आधीच वाकून उभी होती.

आणि त्या क्षणी काकांच्या डोक्यात, गेल्या रविवारच्या फजितीला घट्ट चिकटून, नवं वाक्य लख्ख उभं राहिलं, पत्त्यासकट. हे नाटक, हा अंक, हे घर.

“मी हे घर विकलंय,” ते कुजबुजले.

“मी हे घर विकलंय,” नायक म्हणाला.

थोरल्या बाईंचं तोंड उघडंच राहिलं. दिग्दर्शिकेनं कपाळाला हात लावला. काका मात्र स्टुलावरून उठले होते. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवं डोक्यात टिकलं होतं. एक्केचाळीस वर्षांची कुजबुज विसरून ते मोठ्यानं ओरडले, “आठवलं! मला आठवलं!”

डाव्या विंगेतून आलं होतं. नायकानं दोन्ही हात वर केले.

“आठवलं! मला आठवलं!”

“काय आठवलं रे?” थोरल्या बाईंनी विचारलं. ते मात्र त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

टेपनं ब्रश खाली ठेवला.

“तुमचं लग्न, बाबा,” ती म्हणाली. “मी इथं नऊ वर्षं बसलेय!”