एक्स-रेबाईंचा सांगाडा

"बाई, तुमचा सांगाडा काही हसत नाहीये," शिक्षिका म्हणाली.

एक्स-रेबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. जांभळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या कागदाची कवटी, मणके, बरगड्या, सगळं जागच्या जागी होतं. तेहेतीस वर्षं इस्पितळाच्या तळमजल्यावर लोकांची हाडं बघण्यात गेलेली. एका बाजूला बरगड्या बारा म्हणजे बाराच. शेजारच्या पोस्टमास्तरांच्या सांगाड्याला तीन गुडघे होते, पण तो पठ्ठ्या फिदीफिदी हसत होता!

"दात तर दाखवलेत की," बाई म्हणाल्या.

"दात दिसतायत हो, पण असा उभा काय आहे? हात कमरेवर, खांदे पुढे, हनुवटी वर."

बाई चपापल्या. छातीचा एक्स-रे काढायला माणूस उभा करतात, तसा त्यांनी त्याला उभा केला होता. चार वेळा कापला आणि चारही वेळा तसाच. हाताला दुसरं ठाऊकच नव्हतं.

वाचनालयातला हा कोलाजचा वर्ग दर शनिवारी सकाळी भरे. शिक्षिकेने मेक्सिकोच्या लोककलेतली चित्रं दाखवली होती. रंगीत कागदाचे सांगाडे, कुणी गिटार वाजवतोय, कुणी पाव भाजतोय, सगळे कसे मजेत! गेलेल्या माणसाची आठवण तिकडे अशीही काढतात, असं ती म्हणाली, आणि बाईंनी ते फारच मनावर घेतलं.

कारणही तसंच होतं. नवऱ्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण डोळे मिटले की त्याचा चेहरा दिसतच नसे. दिसायचा तो त्याच्या छातीचा शेवटचा एक्स-रे, डाव्या फुप्फुसावरच्या पांढऱ्या डागासकट. तो बाईंनीच काढला होता. डॉक्टरांच्या आधी त्यांनाच कळलं होतं. तेव्हापासून तो डाग डोळ्यांत जाऊन बसला तो बसलाच. भिंतीवरच्या फोटोतला माणूस तर सरकारी अर्जावर चिकटवल्यासारखा. बाईंना हसणारा नवरा परत हवा होता, आणि तो मिळाल्याशिवाय त्या हटणार नव्हत्या.

"उद्या प्रदर्शन आहे. राहू दे असाच, छान आहे," शिक्षिका म्हणाली.

"असाच कसा राहू दे? घरी नेते," म्हणत बाईंनी पुठ्ठा काखेत मारला.

दुपारी जेवणाच्या टेबलावर कात्री, गोंद आणि जुन्या मासिकांचा पसारा पडलेला, तेवढ्यात लेक तरातरा आत आली. पोस्टमास्तरांनी चहाडी केली असणार.

"आई, शोभतं का हे? बाबांची हाडं भिंतीला टांगणार तू?"

"त्यांच्या तोंडाआधी मी त्यांची हाडंच पाहिलीत. लिफ्ट दुरुस्त करताना पडून खांदा मोडून आले होते. तू मला नको शिकवू!"

"मला थट्टा वाटते गं ती."

"वाटू दे. यायचं तर ये उद्या, नाहीतर बस फुगून."

लेक फुगून बसली, पण टेबलापाशीच. बाईंनी सांगाड्याचे हात उचकटले, पुन्हा चिकटवले. हातात निळा पाना दिला. छे! लेक खुर्ची ओढून पुठ्ठ्यावर वाकली. मग तिने कॉलरबोनवरच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. बाबांचं ते मोडलेलं हाड वाकडंच जुळलं होतं, आणि बाईंनी कापलंही वाकडंच.

"हे बाबाच आहेत," ती हळूच म्हणाली. "पण असे अवघडलेत का?"

"श्वास धरून उभे आहेत." बाईंनी कात्री खाली ठेवली. "त्या दिवशी मी म्हटलं, श्वास घ्या, धरून ठेवा. बटण दाबलं. पडद्यावर आलं ते बघितलं, आणि... 'सोडा' म्हणायचंच विसरले गं. इतक्या वर्षांत कधी विसरले नव्हते."

"मग?"

"मग काय, तसेच उभे. शेवटी तिकडूनच ओरडले, 'अहो बाईसाहेब, श्वास इथंच सोडायचा, की घरी घेऊन जायचा?' आणि असे काय हसले..."

बाईंनी डोळे मिटले. काचेपलीकडे मान वळवून, लालबुंद होऊन तो हसत होता. समोर दिसत होता! पडद्यावरचा डाग बघण्याच्या नादात त्यांनी तेव्हा त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. बाई रडल्या, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. लेकीने पाठीवर हात फिरवला.

मग त्यांनी पदराने चष्मा पुसला, कवटीवरचा खालचा जबडा सोलून काढला आणि बोटभर खाली ठेवला.

"एवढा?"

"अजून खाली घे," लेक म्हणाली. "बाबा हसले की पडजीभ दिसायची."

बाईंनी जबडा आणखी खाली सरकवला. लेकीने त्यावर बोट दाबून धरलं आणि गोंद वाळेपर्यंत उचललं नाही.