दुरडीखालचा मोबाईल

नांदूरघाटच्या रामकिसनच्या अंगणात पाच तारखेला सकाळी जेवढी माणसं जमली, तेवढी त्याच्या मुलाच्या लग्नातही वेळेवर जमली नव्हती. अंगणाच्या मधोमध पाट, पाटावर पितळी ताट, ताटात तांदूळ आणि तांदळावर रामकिसनचा मोबाईल पालथा निजवलेला. मोबाईलला हळदकुंकू लावलं होतं. वरून भाकरीची दुरडी झाकली होती आणि दुरडीला लाल दोरा गुंडाळला होता. कुणाचा हात आत जायची सोय नव्हती.

पाटामागे हरिबा महाराज बसले होते. भगवा सदरा, कपाळभर भस्म आणि मनगटावर चकचकीत घड्याळ. महाराज अधूनमधून डोळे मिटत होते आणि अधूनमधून घड्याळ बघत होते.

"मोबाईल कुणी शिवलाय का?"

"न्हाई!" लोक एका सुरात म्हणाले.

"बँकेत कुणी गेलतं का?"

"न्हाई!"

"मग आता बघा. ह्या घरात जी शिरलीय ना, ती कुलूप मानत न्हाई, बँक मानत न्हाई. म्यानेजरला तर ती हिंग लावूनबी इचारत न्हाई! पूर्वीच्या बाधा पिंपळावर राहायच्या. तुमी पिंपळ तोडले. आता त्या टॉवरवर राहतेत. नेटवर्कच्या वाटंनं येतेत अन् नेटवर्कच्या वाटंनं जातेत."

सगळ्यांनी शाळेमागच्या टॉवरकडे पाहिलं. टॉवरवर दोन कावळे होते. ते नेहमीचेच होते, पण त्या दिवशी लोकांना ते वेगळे वाटले.

"येतीय... येतीय..." महाराज म्हणू लागले. बराच वेळ ती येतच होती. पोरं कंटाळून गोट्या खेळायला निघाली, तेवढ्यात दुरडीखालून मोबाईल टिंग करून वाजला. महाराजांनी दोरा तोडला, मोबाईल उचलला आणि रामकिसनच्या मुलाला, अंगदला, वाचायला लावला. बापाच्या खात्यातून आठशेला एक रुपया कमी इतके पैसे गेले होते. मागच्या पाच तारखेला तेवढेच गेले होते, त्याच्या मागच्या पाचलाही तेवढेच. शेजारच्या सुंदरबाईंनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

चमत्कार एवढ्यावर संपत नव्हता. मोबाईलवरचे मेसेज घरातल्या कुणी उघडायचे नाहीत, उघडले तर बाधा घरभर पसरेल, असा महाराजांचा दंडक होता. देवीच्या ओटीसाठी साडी मागवायची तेवढी मुभा होती. अंगद साडीच्या अ‍ॅपवर एक हिरवी साडी दाबायचा आणि खाली किंमत यायची शून्य रुपये. हे शून्य कुठून आलं ते बघायला बोट आणखी खाली सरकवावं लागतं. पण फुकटाच्या वस्तूखाली कुणी बोट सरकवत नाही.

"एका हातानं बाधा नेती, दुसऱ्या हातानं आई देती!" महाराज म्हणायचे. आलेली साडी देवीला वाहायला ते स्वतःच घेऊन जायचे. कोणत्या देवीला, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र महाराजांनी पुढचं पाऊल टाकलं.

"ह्या घरात नवी सून आली, ती तारीख कोणती?"

रामकिसननं मान खाली घातली. "पाचच हाय, महाराज."

गर्दीतून लांबलचक 'हाऽऽ' निघाला.

"तिच्या पावलानं आलंय हे. माहेराहून मागं लागलंय. पुढची पाच तारीख उजाडली की सून दिंद्रुडला, आपल्या माहेरी गेली पायजे. सव्वा वर्ष. मग बघू."

तुळजाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या मागे सून आरोही महाराजांसाठी चहा घेऊन उभी होती. कपबशा किणकिणायला लागल्या, तेव्हा तुळजाबाईंनी मागे न बघता हात लांब केला आणि ताट स्वतःकडे घेतलं.

तुळजाबाईंचा महाराजांवर विश्वास होता. नवऱ्यापेक्षा थोडा जास्तच होता, आणि त्यात नवल काही नव्हतं, कारण महाराज निदान बोलत तरी होते. पण सुनेचा त्यांना लळा लागला होता. ही पोरगी चष्म्याची दांडी तुटली तर दोऱ्यानं बांधून द्यायची. भाजी खारट झाली की सासूच्या तोंडावर सांगायची आणि मग तीच भाजी दोनदा वाढून घ्यायची.

"सव्वा वर्षाचाच तर सवाल हाय," रामकिसन रात्री जेवताना म्हणाला.

तुळजाबाईंनी त्याच्या ताटात भाकरी टाकली. त्यांच्या लहानपणी आळीतल्या विमलबाईला असंच पायगुणाच्या नावाखाली थोड्या दिवसांसाठी माहेरी धाडलं होतं. विमलबाईचे केस पांढरे झाले ते भावजयीच्या चुलीपुढे. तिला न्यायला कुणी आलंच नाही. ही गोष्ट तुळजाबाईंना रोज आठवायची, आणि रोज त्या ती गिळून टाकायच्या. गाव काय म्हणेल, याची त्यांना बाधेपेक्षा जास्त भीती होती.

महिना सरला. चार तारखेला आरोहीची बॅग भरून ओसरीवर आली. दिंद्रुडला जायला जीप सांगून झाली. सकाळी महाराज मोबाईल मंतरायला आले. दर चार तारखेला ते मोबाईल घेऊन देवघराच्या पडद्याआड एकटेच बसायचे आणि बाहेर येऊन भविष्य सांगायचे. तसंच आजही झालं.

"उद्याच. दहाच्या सुमाराला. सून निघायच्या आधी एकदा शेवटचा हिसका देणार ती," असं सांगून ते शिधा घेऊन गेले.

दुपारी शाळेच्या सुट्टीत यशोधराबाई आल्या. त्या विज्ञान शिकवायच्या. याच गावच्या बौद्धवाड्यात वाढलेल्या, बीडला शिकलेल्या. गावातल्या निम्म्या पोरांचे कान त्यांनी कधी ना कधी पिरगळले होते, आणि त्यात अंगदचेही होते. आरोही गॅदरिंगमधला पोरींचा नाच बसवायला शाळेत जायची, आणि निरोप घ्यायला गेली तेव्हा तिच्या तोंडून सगळं निघालं होतं.

"मावशी," बाई ओसरीवर टेकत म्हणाल्या, "मोबाईल उघडून बघायचा का?"

"आवं बाई, उघडला तर बाधा पसरती म्हणतेत."

"मग महाराज उघडतेत तवा त्यांच्यात कावून पसरत न्हाई?"

हा प्रश्न इतका साधा होता की आपल्याला तो पडला नाही याचा तुळजाबाईंना राग आला. त्यांनी ओसरीवरच्या बॅगेकडे पाहिलं. मग उठून देवघरात गेल्या, मोबाईल आणला, त्यावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि बाईंच्या हातात दिला. आभाळ कोसळलं नाही. अंगणातून एक कोंबडी तेवढी गेली.

बाईंनी बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ऐका. आजचाच मेसेज हाय, इंग्रजीत. उद्या तुमच्या खात्यातून सभासद वर्गणीचे इतके पैसे कापले जातील, नको असेल तर बंद करा. मागच्या चारलाही असाच आलाय, त्याच्या मागच्या चारलाही. सगळे कुणीतरी उघडून वाचलेत, मावशी. तुमच्या घरात तर कुणी वाचले न्हाईत."

"म्हंजी पडद्याआड मंतर म्हणत नव्हते?"

"वाचत होते."

अंगदला शेतातून बोलावणं गेलं. बाईंनी कानाला हात लावायच्या आत तो बोलता झाला. आरोही घरात आली त्याच दिवशी पुढच्या आठवड्यात जागरण-गोंधळ घालायचं ठरलं. ओटी भरायच्या पाच सवाष्णींना साड्या कमी पडणार होत्या. त्यानं त्याच रात्री बापाच्या मोबाईलवरून एका अ‍ॅपवर पाच साड्या मागवल्या. निम्म्या भावात पडल्या म्हणून घरभर मिरवलंही होतं.

"पण बाई, म्या साड्या घेतल्या. सभासद-बिभासद कशाला व्हईन?"

"निम्मा भाव सभासदांनाच होता. 'सभासद व्हायचंय' ही बारीक अक्षरातली चौकट त्यांनीच टिकमार्क करून ठेवली होती. तू खालचं बटण दाबलंस, पिन टाकलास. पहिला महिना फुकट, मग दर महिन्याला त्याच तारखेला पैसे. सून आली ती तारीख अन् तुझ्या खरेदीची तारीख एकच, एवढाच तिचा गुन्हा."

तुळजाबाईंच्या मनातला एक काटा अजून निघाला नव्हता. "मग देवीची साडी फुकट कशी यायची, बाई?"

"तुमच्याच पैशाची, मावशी. कापलेले पैसे त्या दुकानात तुमच्या नावावर जमा होतेत. साडी घेतली की तिची किंमत त्यातनं वळती व्हती. न्हाई घेतली तर बसा तसंच."

"देवीनं न्हाई दिली?"

"रामकिसनकाकांनी दिली. त्यांनाच म्हाईत न्हाई."

तुळजाबाईंना हसू आलं आणि लगेच इतका संताप आला की त्या उभ्या राहिल्या. "बंद करा ते आधी!"

अ‍ॅपमध्ये बंद करायचं बटण सापडेना. सापडलं तेव्हा त्यानं 'खरंच जाताय?' असं तीनदा विचारलं आणि शेवटी पुन्हा साड्याच दाखवल्या. मग बाईंनी पैसे पाठवायच्या अ‍ॅपमधला ऑटोपे नावाचा कप्पा उघडला. तिथे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी रद्द करायला पिन लागत होता. रामकिसननं तो चिठ्ठीवर लिहून मोबाईलच्या कव्हरात ठेवला होता. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि तुळजाबाईंनी एकेक आकडा दाबला.

"झालं. आता उद्या पैसे जायचे न्हाईत," बाई म्हणाल्या. "पण तवा महाराज काय म्हणतील?"

उत्तर आरोहीनं दिलं. इतका वेळ ती बॅगेशेजारी बसली होती. "म्हणतील, बॅग भरली म्हणूनच बाधा गेली. मग तर मला जावंच लागंल."

बाईंनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि आपल्या पर्समधून स्वतःचा मोबाईल काढला.

"तुमी काय करायलात, बाई?" तुळजाबाईंनी विचारलं.

"साडी घ्यायलेय," बाई म्हणाल्या. "आता फुकटचा महिना न्हाई, एका रुपयात एकच दिवस हाय. धंदा वाढलेला दिसतोय."

पाच तारखेला अंगण पुन्हा भरलं. सून निघणार म्हणून बायका जास्त होत्या. पाट, ताट, तांदूळ, दुरडी, लाल दोरा, सगळं जागच्या जागी होतं. फाटकाबाहेर जीप उभी होती. यशोधराबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या आणि पर्स मांडीवर घेऊन पुढेच बसल्या होत्या.

"येतीय... येतीय..." महाराजांनी सुरुवात केली.

दहा वाजले. ती आली नाही. साडेदहा झाले. महाराजांचा आवाज बसायला लागला. एकदा टिंग झालं, सगळे दचकले, महाराजांनी घाईनं दोरा तोडला. कुणीतरी रामकिसनला गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ पाठवली होती.

महाराज दोन्ही हात वर करून गरजले, "गेली! पैसे गेलेच न्हाईत, बघा! सुनेची बॅग उंबऱ्याबाहेर आली अन् बाधा पळाली! उचला बॅग, बसवा जीपमधी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामकिसन बॅगेकडे निघालाही. तुळजाबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण पर्सवरचा त्यांचा हात घट्ट झाला होता.

आणि पर्समध्ये टिंग झालं.

बाईंनी मोबाईल काढून अंगदच्या हातात दिला. "वाच. मोठ्यानं."

अंगदनं वाचलं. आठशेला एक रुपया कमी. तेवढेच.

सगळ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या.

"महाराज," बाई शांतपणे म्हणाल्या, "मला तर मुलगाच न्हाई. मग सून कुठली? ही माझ्यात कुणाच्या पावलानं शिरली?"

महाराज म्हणाले, "बाधेनं घर बदललं."

"न्हाई. म्या काल ती विकत घेतली, एका रुपयात. बंद कशी करतेत तेही दावते. या पुढं, सगळ्यांनी बघा." आणि त्यांनी एकेक पायरी दाखवली: साडी, चौकट, आदल्या दिवशीचा मेसेज, शून्य रुपये, ऑटोपे. सुंदरबाईंनी घाईघाईनं आपला मोबाईल पुढे केला. त्यांच्यातही अशीच एक वर्गणी निघाली, पोळपाट-लाटणं घेताना लागलेली. आपल्या घरातही बाधा आहे, या भीतीनं त्या दोन महिने झोपल्या नव्हत्या. आता त्या मोठमोठ्यानं त्या दुकानाला शिव्या द्यायला लागल्या, आणि शिव्या द्यायला माणूस मिळाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तुळजाबाई महाराजांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "देवीच्या साड्या कुठं हायेत, महाराज? आमच्या पैशाच्या हायेत त्या."

महाराजांना एकाएकी केजला काम निघालं. जीप तयारच होती, त्यात बसून ते गेले. ड्रायव्हरनं भाडं आधीच घेतलेलं असल्यामुळे त्याची हरकत नव्हती.

या गोष्टीत लबाड दोन आहेत. एकानं चौकट आधीच भरून ठेवली, दुसऱ्यानं वर दुरडी झाकली. दोघांची ओळखही नव्हती, पण दोघांचं भांडवल एकच होतं: आपण उघडून बघणार नाही, ही खात्री. खात्यातून पैसे गेले तर ते कुठे गेले हे विचारता येतं, आणि त्याला उत्तर असतं. ते विचारायच्या आधी आपण घरातल्या पोरीच्या पायांकडे बघतो. साडीच्या दुकानानं रामकिसनचे काही पैसे नेले. महाराजांच्या हाती मोबाईल दिला नसता तरी तेवढेच गेले असते. सून जाणार होती ती मात्र आपल्याच हातानं.

गर्दी पांगली. रामकिसन बॅग उचलून आत ठेवायला गेला, पण आरोहीनं ती धरून ठेवली.

"आत्या," ती म्हणाली. "उद्या म्हस आटली, विहिरीचं पाणी गेलं, तर? तवाबी माझीच बॅग भरणार का?"

चार तारखेच्या सकाळी बॅगेत साड्या घड्या करून ठेवणारे हात तुळजाबाईंचेच होते. त्या सुनेशेजारी बसल्या. बॅगेची चेन त्यांनी स्वतः उघडली आणि वरचीच साडी काढून मांडीवर घेतली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी बघू. मग बोलू."