डुबियाची शेंग

माझी आई म्हणते, हिला देव भेटला तर ही आधी त्याचं आधार कार्ड मागेल. मागेनच. त्यात काय चुकलं?

म्हणून सुशांतने वाळवलेलं रोप चिकटवलेलं ते शीट विभागात टेबलावर ठेवलं तेव्हा बाकीच्यांनी त्याचं अभिनंदन केलं आणि मी वाकून फुलं पाहिली. सुशांत घाग आणि मी एकाच विभागात पीएचडी करतो, पुढच्या महिन्यात आमचं लग्न आहे. दोघांचाही विषय मोहरीच्या कुळातलं तण. पाइप गळतो तिथे, गटाराच्या कडेला उगवणारी वीतभर रानमोहरी. तिच्यातल्या दोन बहिणी इतक्या सारख्या की विद्यार्थी रडकुंडीला येतात. रोरिप्पा इंडिकाला बारीक पिवळ्या पाकळ्या असतात, रोरिप्पा डुबियाला बहुधा नसतात. इंडिका पायलीला पन्नास. डुबिया आमच्या संग्रहात एकही नव्हती. ती सुशांतला दिवा स्टेशनच्या बाजूला सापडली होती, तो भाड्याने राहतो त्या इमारतीमागे, पाण्याचा टँकर उभा राहतो तिथल्या ओलीत.

आमच्या विभागप्रमुख वैद्य मॅडम नौपाड्याच्या, बोलणं तिरकस. त्यांनी चष्मा वर केला. "पाकळ्या नाहीत हे खरं. पण मुळात नव्हत्या, की नंतर राहिल्या नाहीत?"

सगळे हसले, सुशांतसुद्धा. मला हसू आलं नाही. चिमट्याने पाकळ्या काढायला असा कितीसा वेळ लागतो?

दुपारी रोपं दाबून वाळवायची प्रेस आवरताना, ते रोप ज्यात दाबलं होतं त्या वर्तमानपत्रावर मला एक पिवळी पाकळी चिकटलेली दिसली. कुठेतरी पाणी मुरत होतं. रविवारी मी त्याला साड्या बघायला जाते असं सांगितलं आणि दिव्याला गेले. टँकरची जागा सापडली, कळशा घेऊन उभ्या बायका सापडल्या, रानमोहरीही सापडली. सगळी पिवळी.

संध्याकाळी फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिथे अजून असतील ना रे डुबिया?"

"कुठे गं. टँकरवाला आता थोडा पलीकडे, नेमका ती होती तिथेच लावतो, चाकाखाली गेली सगळी."

किती सोयीचं उत्तर.

मला नुसत्या रोपाचं पडलेलं नव्हतं. माझ्यासमोर बसून पाकळ्या उपटलेलं रोप दाखवणारा माणूस उद्या संसारात काय काय दाखवील, हे मला कळायला हवं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पण हॉलवर जाऊन उभं राहण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं. मी खरंच घाबरले होते.

पाकळ्या उपटता येतात, शेंगेतल्या बिया हलवता येत नाहीत. इंडिकाची शेंग उघडली की प्रत्येक कप्प्यात बियांच्या दोन ओळी दाटलेल्या असतात, डुबियाच्या कप्प्यात एकच. आमच्याकडे प्रत्येक शीटवर एक कागदी पुडी चिकटवलेली असते. रोपाचं गळालेलं काहीही फेकायचं नाही, त्या पुडीत जपायचं. दुसऱ्याच्या पुडीला न विचारता हात लावायचा नाही. सोमवारी सगळे जेवायला गेल्यावर मी लावला.

शेंग सुईने उघडून भिंगाखाली धरली. एक ओळ. दुसरा कप्पा पाहिला. तिथेही एकच. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. नेमका तेव्हाच मागे डबा टेकवल्याचा आवाज झाला.

"एकच ओळ आहे ना?" सुशांत म्हणाला.

"एकच."

"मला विचारायचंस. मीच फोडून दाखवली असती."

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मला बघायचं होतं." मग मी पाकळीचंही बोलून टाकलं, दिव्याचंही.

तो खुर्चीत बसला. "तो पेपर त्याच्या आधी इंडिकाला वापरलेला. पेपर वाळवून परत वापरतो ना आपण? कोपरीला तुमच्याच गच्चीवर वाळवलेले. तूच उलटत होतीस."

हो, मीच उलटत होते. तरी अजूनही मला वाटतं, बघितलं यात काही वाईट केलं नाही.

तो भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने ड्रॉवरमधून एक कोरी चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. आमच्यातली रीत आहे: दुसऱ्याचं शीट तपासलं की आपलं नाव आणि तारीख घालून चिठ्ठी लावायची. शीट आपल्यामागेही टिकतं, त्यावरची चिठ्ठीही. लग्नानंतरच्या चिठ्ठ्यांवर मी राऊळ लिहायचं की घाग, यावर आमची कधीची चेष्टा चालली होती. त्याचा हट्ट घागचा, माझा राऊळचा.

"तपासलंस ना? मग लाव."

मी रोपाचं नाव लिहिलं, तारीख घातली. नावापाशी आले आणि तो हसेल म्हणून म्हटलं, "प्राचीच्या पुढे काय लिहू? घाग लिहू का रे?"

तो उघडलेली शेंग पुडीत परत ठेवत होता. एक बी टेबलावर सांडली होती, ती बोटाच्या टोकाने उचलून त्याने आत टाकली आणि पुडीची घडी मिटली.

"आत्ता आहे ते लिही," तो म्हणाला. "पुढचं बघू."

मी राऊळ लिहिलं.