उत्तर न देणारा राऊटर

सुखदा मराठे नियमांची पक्की. डार्विन शहरातली तिची कंपनी दूरदूरच्या आडगावांतल्या दवाखान्यांचं नेटवर्क सांभाळायची, आणि माहितीचं कुठलं पॅकेट आत घ्यायचं नि कुठलं अडवायचं, हे राऊटरला शिकवायचं काम सुखदाचं. ज्या मशीनचा पत्ता यादीत नाही, त्याचं पॅकेट राऊटरने गुपचूप टाकून द्यायचं, "नाही" एवढंही परत कळवायचं नाही. चोराला दाराआडून ओ कशाला द्यायची, असं तिचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळीच मात्र चौकशी निघाली. शनिवारी चारशे किलोमीटरवरच्या एका दवाखान्यात टॉम नावाचे सत्तरीचे गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले होते. नर्स मीनाक्षीने त्यांचा ईसीजी शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवला. स्क्रीनवर नुसतं 'पाठवत आहे' असं येत राहिलं. चाळीस मिनिटं वाट पाहून तिने फोन केला. विमानाने डार्विनला आणलेले टॉम वाचले, पण हृदयाला व्हायची ती इजा झाली होती. नर्सने आधीच फोन का केला नाही, असा सगळ्यांचा सूर होता. कंपनीच्या मॅनेजर विक्रांतने तर तिच्या नावाने रिपोर्टही लिहायला घेतला होता.

सुखदाने राऊटरच्या नोंदींचा लॉग उघडला. त्या दवाखान्यात नवं मशीन बसलं होतं, त्याचा पत्ता यादीत चढवायचा तिच्याकडून राहून गेला होता. मशीन बिचारं पुन्हापुन्हा पाठवत होतं, आणि राऊटर तिने शिकवल्याप्रमाणे तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. "पोचत नाही" एवढं जरी तो उलट बोलला असता, तरी मीनाक्षीने पहिल्याच मिनिटाला फोन उचलला असता.

लॉग तिच्याशिवाय कुणी वाचणार नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं आणि दहाएक मिनिटं ती बसलीही. मग तिने पत्ता यादीत घातला आणि दवाखान्यांपुरता नियम बदलला: अडवायचं तर अडव, पण लगेच तसं कळव. उठून विक्रांतकडे गेली, चूक माझी आहे, नाव माझं लिही म्हणाली. त्याने कपाळाला हात लावला, पण लिहिलं.

दुपारी तिने मीनाक्षीला फोन करून सगळं सांगितलं. आता बोलणी खावी लागणार, अशी तिची तयारी होती.

"मी त्यांचा हात धरून बसले होते गं," मीनाक्षी म्हणाली. "सारखी सांगत होते, नो वरीज, डॉक्टर बघतायत."

"कुणीच बघत नव्हतं," सुखदा म्हणाली. तिला रडू आवरेना.

"काल वॉर्डातून फोन आला होता त्यांचा. म्हणाले, त्या डॉक्टरांना माझे थँक्स सांग, इतका वेळ माझ्यासाठी बसून राहिले. मी काय बोलणार?"

सुखदाने डोळे पुसले.

"त्यांचा वॉर्ड कुठला?" तिने विचारलं. "मी जाऊन सांगते."