तिजेची माती

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. लोकांनी विहिरी खोदल्या. आमच्या मालकांनी मानोऱ्याच्या वाटेवर, स्वतःच्या शेतात मातीचा बांध घातला. ओलितासाठी नव्हे, पोहण्यासाठी! काठावर दोस्तांसाठी रोडगे भाजायचे आणि मग सगळ्यांनी म्हशींसारखं डुंबायचं. हौसेला मोल नाही म्हणतात. मला ते तळं सवतच वाटे. बांधाच्या खालच्या अंगाला दौलतसिंग नाईकाचा बंजारा तांडा होता.

त्या श्रावणात तळं काठोकाठ भरलं. एका सकाळी नाईक धावत आला.

"मालक, बांधातून पानी येऊन राह्यलं! आमच्या पोरीयनं तिजेसाठी वारुळाची माती खंदली."

तिजेला तांड्यातल्या कुमारिका टोपलीत गहू पेरतात. त्याला वारुळाचीच माती हवी, आणि यंदाचं वारूळ नेमकं बांधाच्या पाठीवर होतं.

"माह्या बांधावर कुदळ? कोनं घातली?" हे कडाडले.

"रागवा मंग, पयले पाहा. पानी गढूळ हाय."

गढूळ म्हणजे बांधाची माती आतून वाहत होती. ह्यांचा चेहरा उतरला. तांड्यात पाळण्यातली पोरं होती, अंथरुणाला खिळलेली म्हातारी होती.

"सगळ्यायले टेकाडावर चढवा," हे म्हणाले. "अन् सांडवा फोडा!"

सांडवा दुसऱ्या अंगाला, नाल्याकडे होता. पहिला घाव ह्यांनीच घातला. जिवापाड जपलेलं पाणी धो धो निघालं. दुपार कलता कलता तळं अर्ध्यावर आलं आणि वारुळातली धार थांबली. माझा जीव भांड्यात पडला.

गड्यांनी भोक उकरलं, तेव्हा खरं कळलं. वाळवीनं बांध आतून पार पोखरला होता.

"कोनं खंदलं होतं?" ह्यांनी पुन्हा विचारलं.

नाईकाची नात भुरी रडतच पुढे आली. "म्या. हात खांद्यापोतर आत गेला, मंग पानी लागलं."

"तू नसतं खंदलं तं..." हे म्हणाले. कुणाला कळलंच नसतं, आणि एखाद्या रात्री अख्खा तांडा झोपेतच वाहून गेला असता.

हे खाली वाकले. पोरीला वाटलं, काठी उचलायलाच वाकले. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

ह्यांनी तिच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.